नाव वाचून थांबू नका, पुढचं अक्षर बघा

मागच्या अंकात दुदांडी शिवराईवर लिहिलं होतं, की एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडं 'छत्रपती' असलं म्हणून ते नाणं महाराजांच्या काळातलंच असतं असं नाही, त्यांच्यानंतरही शंभर-दीडशे वर्षं तेच नाव घालून तांब्याचे पैसे पाडले जात होते. त्यावर पत्रं भरपूर आली पण शिवराईची कमी आणि रोमन नाण्यांचीच जास्त. आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात एवढ्या लोकांच्या कपाटात रोमन नाणी आहेत हे मला खरंच माहीत नव्हतं. आणि बहुतेकांचा घोळ एकच, नाव वाचता येतंय पण त्या नावाचे राजे तीन-चार निघतायत, मग आपला कुठला?

उत्तरांच्या आधी एक गोष्ट. नाण्यावरची रोमन अक्षरं मी इथं 'सी', 'ओ', 'एन' अशी उच्चारानं लिहितोय. आणि त्यांच्याकडं यू हे अक्षरच नव्हतं, यूच्या जागी व्ही कोरायचे, तेवढं डोक्यात ठेवा नाहीतर सगळी नावं विचित्र वाटतील.

प्रश्न : सर नमस्कार. माझे आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले होते. परवा माळा आवरताना त्यांची पत्र्याची डबी सापडली, त्यात दोन बटणं, एक बिल्ला आणि नखाएवढं एक काळपट नाणं आहे. मुलानं मोबाईलवर शोधलं तर कॉन्स्टंटाईन द ग्रेट असं आलं. खरंच एवढ्या मोठ्या राजाचं आहे काय? फोटो पाठवलाय. (एक वाचक, खानापूर)

उत्तर : फोटो बघितला. तुमचं नाणं कॉन्स्टंटाईनचं नाही, त्याच्या मुलाचं आहे. पण मुलाला रागवू नका, इथं भलेभले फसतात.

त्या घराण्यात नावांची काटकसर होती बघा. आजोबा कॉन्स्टँटियस, मुलगा कॉन्स्टंटाईन (नाण्यावर कॉन्स्टँटिनस), त्याची पोरं कॉन्स्टँटिनस, कॉन्स्टँटियस आणि कॉन्स्टन्स, आणि वर एक पुतण्या, तोही कॉन्स्टँटियस. आपल्याकडं आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, एका गल्लीत तीन परशराम असतात आणि पोस्टमनला विचारावं लागतं कुठला परशराम, थोरला का धाकटा का गिरणीवाला, तसलाच प्रकार. फरक एवढाच की हे सगळे परशराम नाण्यावर आहेत.

आता अक्षरं मोजूया. सी, ओ, एन, एस, टी, ए, एन ही पहिली सात अक्षरं सगळ्यांची सारखीच. आठवं अक्षर एस असेल तर विषय संपला, कॉन्स्टन्स. आठवं टी आणि नववं आय असेल तर दहाव्यावर या. दहावं एन असेल तर कॉन्स्टँटिनस, व्ही असेल तर कॉन्स्टँटियस. सगळा खेळ त्या दहाव्या अक्षरावर आहे आणि नेमकं तेच घासलेलं असतं! तुमच्या नाण्यावर नावाच्या आधीची अक्षरं पार गेलीत, 'सी' पासून नऊ अक्षरं लागतात, आणि दहाव्याच्या जागी दोन तिरक्या रेघांचे फक्त खालचे तुकडे उरलेत. पण ते तुकडे खाली एकमेकांना टेकलेत. एन असता तर दोन उभ्या रेघा वेगवेगळ्या दिसल्या असत्या, त्या खाली जुळल्या नसत्या. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या फोटोत हे अजिबात दिसत नव्हतं, दुसरा जो रात्री बॅटरी बाजूनं धरून काढलाय त्यात दिसलं. सगळ्यांनाच सांगतो, नाण्याचा फोटो वरून फ्लॅश मारून काढू नका, प्रकाश बाजूनं तिरका सोडा, घासलेलं अक्षर सावलीनं उठून येतं.

म्हणजे कॉन्स्टँटियस झाला. पण कॉन्स्टँटियस तीन आहेत, आजोबा, नातू आणि तो पुतण्या. आता डोक्यावर काय आहे ते बघायचं आणि नावापुढं काय लिहिलंय ते. 'एन ओ बी सी' असेल तर तो सीझर, म्हणजे युवराज समजा, अजून गादीवर बसलेला नाही. 'ए व्ही जी' असेल तर ऑगस्टस, पूर्ण सम्राट. या काळात युवराजाच्या डोक्यावर बहुधा पानांचा मुकुट असतो आणि सम्राटाच्या डोक्यावर मोत्यांचा पट्टा, मागं त्याच्या फिती लोंबतात. तुमच्या नाण्यावर शेवटी ए व्ही जी स्पष्ट आहे, डोक्यावर मोत्यांची ओळ आहे आणि मानेवर फितीचं टोकही आलंय. आजोबा कॉन्स्टँटियसची तांब्याची नाणी तुमच्या नाण्यापेक्षा कितीतरी मोठी, दहा ग्रॅमच्या आसपासची, आणि चेहऱ्यावर दाढी. पुतण्या कॉन्स्टँटियस गॅलस कधी सम्राट झालाच नाही, ३५१ ते ३५४ सीझर होता, आणि त्याची ओळख सगळ्यात सोपी, डोकं उघडं! मुकुट नाही, पट्टा नाही, काही नाही. (तीन वर्षांत चुलतभावानंच त्याला मारून टाकलं.)

मागच्या बाजूला दोन शिपाई भाले घेऊन उभे आहेत आणि मधी एक निशाण. त्यांच्याभोवती 'सैन्याचा गौरव' अशा अर्थाचे दोन शब्द असतात. ३३० ला हा छाप सुरू झाला तेव्हा मधी दोन निशाणं असायची, ३३५ च्या सुमाराला नाणं हलकं केलं, जागा कमी झाली आणि एक निशाण गेलं. ३४१ च्या सुमाराला छापच बंद झाला. कॉन्स्टँटियस दुसरा सम्राट झाला ३३७ ला, बाप वारल्यावर. म्हणजे एक निशाण अधिक 'ए व्ही जी', तुमचं नाणं ३३७ ते ३४१ या चार-पाच वर्षांतलं. खाली शिपायांच्या पायाशी जी रेघ आहे तिच्याखाली 'आर' दिसतोय, ती टांकसाळीची खूण, रोम शहराची. आजोबा इटलीत होते, त्यांना ते तिथंच कुठंतरी मिळालं असणार, त्यामुळं हे जुळतंय सगळं.

त्या चार-पाच वर्षांत घरात काय चाललं होतं बघा. ३३७ ला बाप गेला आणि काही महिन्यांत चुलते, चुलतभाऊ कापले गेले. तिघा भावांनी राज्य वाटून घेतलं. ३४० ला थोरला कॉन्स्टँटिनस वाटणीवरून धाकट्या कॉन्स्टन्सवर चालून गेला आणि अ‍ॅक्विलियाजवळ मारला गेला. ३५० ला कॉन्स्टन्सलाही बंडखोरांनी संपवला. उरला तुमचा कॉन्स्टँटियस, तो ३६१ पर्यंत टिकला. भाऊबंदकी म्हणजे फक्त आपल्या सीमाभागात वाटणीच्या केसेस चालतात तीच नाही. आणि नाण्यावर बघाल तर सगळ्या भावांचा चेहरा एकच, तोच वर बघणारा शांत चेहरा, कारण कोरणाऱ्यानं या राजपुत्रांना कधी बघितलेलंच नसायचं, सगळ्यांना एकच साचा. म्हणून चेहऱ्यावरून ओळखायचा हट्ट या काळापुरता सोडा.

हां, आणि नावापुढं 'एम ए एक्स' आलं तर तो बाप, कॉन्स्टंटाईन पहिला. 'आय व्ही एन' आलं तर त्याचा त्याच नावाचा मुलगा. मॅक्स म्हणजे थोरले आणि आय व्ही एन म्हणजे धाकटे, थोरले माधवराव आणि सवाई माधवराव म्हणतो तसं. डबीसकट जपून ठेवा. बिल्ल्याचाही फोटो पाठवा, नाण्यापेक्षा मला त्यात जास्त रस आहे.

प्रश्न : मी ऑनलाईन एक चांदीचं रोमन नाणं घेतलं. विकणाऱ्यानं अँटोनायनस पायस, इसवी सन १३८ ते १६१ असं लिहून दिलंय. पण इंटरनेटवर त्या राजाला दाढी आहे आणि माझ्या नाण्यावरचा पोरगा विशीतला पण वाटत नाही. वजन २.९ ग्रॅम. मागं एक बाई शिंगातून काहीतरी ओततेय आणि बाजूला चांदणी आहे. फसलो काय? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : नाणं फोटोवरून तरी बरं दिसतंय, कागद चुकीचा आहे. विकणाऱ्यानं 'अँटोनायनस' आणि 'पायस' हे दोन शब्द वाचले आणि गप्प बसला.

खऱ्या अँटोनायनस पायसच्या नाण्यावर शब्द येतात अँटोनायनस, मग ए व्ही जी, मग पायस. तुमच्यावर आहे अँटोनायनस, पायस, मग ए व्ही जी. एवढा शब्द पुढं-मागं झाला की साठ-सत्तर वर्षांचा फरक पडतो. पायस आधी आणि ए व्ही जी नंतर असेल तर दोघंच उरतात, कॅराकॅला (१९८ ते २१७) आणि इलॅगॅबॅलस (२१८ ते २२२).

तुम्ही म्हणाल ही नावं तर नाण्यावर कुठंच नाहीत. नसणारच, ती टोपणनावं आहेत. कॅराकॅला हे एका टोपीवाल्या लांब डगल्याचं नाव, तो तसला डगला घालायचा म्हणून ते पडलं. इलॅगॅबॅलस हे तो ज्या देवाचा पुजारी होता त्या सीरियातल्या सूर्यदेवाचं नाव. आधार कार्डावर कधी पिंट्या लिहिलेलं बघितलंय का? कागदोपत्री दोघंही मार्कस ऑरेलियस अँटोनायनस. आणि हे नावही उसनं! कॅराकॅलाच्या बापानं, सेप्टिमियस सेव्हेरसनं, गादी लढाई करून मिळवली होती, मग घराण्याला वजन यावं म्हणून त्यानं आपण मेलेल्या मार्कस ऑरेलियसचे दत्तक पुत्र आहोत असं जाहीर केलं, दत्तक घेणारा वारून पंधरा वर्षं झाली होती तरी. आणि मग थोरल्या पोराचं बॅसियानस हे नाव बदलून अँटोनायनस ठेवलं. दत्तकाच्या भानगडी आपल्या संस्थानांनी कमी बघितल्या नाहीत पण मेलेल्या माणसाकडनं दत्तक जायची आयडिया त्यांनाही सुचली नव्हती.

तर तुमचा कोण? लहान पोराचा चेहरा कॅराकॅलाच्या सुरुवातीच्या नाण्यांवरही असतो, पुढं तो वाढत जातो, दाढी येते आणि कपाळाला आठ्या. म्हणून नुसत्या चेहऱ्यावर जाऊ नका, नावाच्या आधी बघा. तुमच्या फोटोत अँटोनायनसच्या आधी 'आय एम पी' (इंपरेटर, सम्राटाची पदवी) आहे आणि मागच्या बाजूला मोकळ्या जागेत चांदणी आहे. इलॅगॅबॅलस. ती चांदणी त्याच्या सूर्यदेवाशी जोडतात. शिंगातून ओतणारी बाई म्हणजे समृद्धी, आपल्या लक्ष्मीच्या हातातून नाणी पडतात तशी. त्याच्या काही नाण्यांवर कपाळावर एक छोटं शिंगासारखं टोकही असतं, तुमच्यावर नाही, पण सगळ्यांवर नसतंच ते. गादीवर आला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि अठराव्या वर्षी मारला गेला, तेव्हा पोरगा विशीतला वाटत नाही हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, शाबास.

मार्कस ऑरेलियसची आठवण ठेवा, तोही अँटोनायनसच, पण सम्राट झाल्यावर त्याच्या नावाच्या आधी एकटा 'एम' येतो आणि दाढी कुरळी भरघोस.

प्रश्न : मी बी. ए. ला इतिहास घेतलाय. 'टी आय' असलेलं रोमन नाणं टायबेरियसचं असं वाचलं, पण क्लॉडियसच्या नाण्यावर पण टी आय आहे. आणि ऑगस्टसच्या एका नाण्यावर मागं 'सी' आहे तो कॅलिग्युला काय? आपल्या भागात अशी नाणी मिळालीत का? (एक विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर : प्रश्न चांगला विचारलास. टी आय म्हणजे टायबेरियस हे पहिलं नाव, आपल्याकडं जसं शिवाजी, संभाजी घरोघरी असतं तसं. क्लॉडियसचंही पहिलं नाव टायबेरियसच. टी आयच्या लगेच पुढं 'सीझर' आलं तर टायबेरियस (१४ ते ३७), 'सी एल ए व्ही डी' आलं तर क्लॉडियस (४१ ते ५४). टायबेरियसच्या नाण्यावर 'दिव्य ऑगस्टसचा मुलगा' असंही लिहिलेलं असतं, त्यातला ऑगस्टस शब्द वाचून ते ऑगस्टसच्या खात्यात टाकू नकोस. आणि क्लॉडियस नावाचा आणखी एक आहे, २६८ ते २७० मधला, पण त्याच्या डोक्यावर बहुतेक वेळा सूर्यकिरणांसारखा काटेरी मुकुट असतो आणि चांदी नावालाच, त्यामुळं गोंधळ व्हायचं कारण नाही.

'सी' म्हणजे गायस. ऑगस्टसच्या त्या नाण्यावर मागं दोन पोरं ढाली-भाले घेऊन उभी आहेत ना, ते त्याचे नातू गायस आणि लुशियस, त्यानं दत्तक घेतलेले. दोघंही आजोबाच्या आधीच वारले. कॅलिग्युलाचंही खरं नाव गायस, पण तो तेव्हा जन्मला तरी होता की नाही असा तो काळ.

आपल्या बाजूचं विचारशील तर ही दोन्ही नाणी, गायस-लुशियसवालं आणि टायबेरियसचं, दक्षिण भारतात सगळ्यात जास्त मिळतात. चित्रदुर्गजवळ चंद्रवळ्ळीला सातवाहन नाण्यांबरोबर ऑगस्टस-टायबेरियसची चांदीची नाणी मिळालीत. तिकडं हावेरी जिल्ह्यात अक्कीआळूरला सोन्याची मिळाली पण ती फार उशिराची, बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या, काळापर्यंतची. कोल्हापूरला ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात ब्राँझची पोसायडनची, म्हणजे ग्रीक समुद्रदेवाची, मूर्ती मिळाली, ती तिथल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, निपाणीवरनं तासाभराची एसटी, जाऊन बघून ये. आणि आपल्या बेळगावच्या कडेला वडगाव-माधवपूरला सातवाहनकाळची वस्ती उकरलीय हे तुझ्या वर्गात किती जणांना माहीत आहे ते विचार. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी तर रोमन नाण्याचा ठसा घेऊन केलेली मातीची पदकं मिळालीत, गळ्यात घालायला. राजा कोण, कुठला, घालणारीला काय करायचंय, डिझाईन आवडलं.

खानापूरच्या वाचकांकडं आहे तसली उशिराची तांब्याची नाणी मात्र आपल्याकडं जमिनीतून मिळत नाहीत, ती तमिळनाडू आणि श्रीलंकेत ढिगानं मिळतात. तसलं कुणी 'गावच्या शेतात सापडलं' म्हणून विकायला आलं तर आधी शंका घ्यावी.

प्रश्न : अथणीकडच्या एका पाहुण्यांना नांगरताना खरंच एक चांदीचं नाणं मिळालंय. सराफाकडं दाखवावं काय? (चिकोडी)

उत्तर : सराफ वितळवून टाकेल. निखात निधीचा कायदा आहे, जमिनीत पुरलेली मोलाची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कुठल्या सर्व्हे नंबरात, किती खोल, शेजारी खापरं होती का, तेवढं आजच लिहून ठेवायला सांगा.

प्रश्न : आजीच्या पुतळ्यांच्या माळेतल्या पुतळ्यांवर उभी माणसं आणि इंग्रजी अक्षरं आहेत. रोमन असतील का? (शहापूर)

उत्तर : रोमन नाही, व्हेनिसच्या डुकॅटची नक्कल, किंवा एखादी खरी डुकॅटही असू शकेल. खऱ्यात एका बाजूला संत मार्कपुढं गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख असतो, मागं लंबगोलात येशू आणि भोवती चांदण्या, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडं सोनारांनी त्यावरनं पुतळ्या पाडल्या आणि पाडता पाडता अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या झाल्या. अक्षरं वाचता येत असतील तर माळ न तोडता फोटो पाठवा. विकू मात्र नका, आजी रागावतील.

प्रश्न : काळं पडलेलं नाणं चिंचेनं घासलं तर चालेल का? (हुक्केरी)

उत्तर : नाही. तांब्याच्या घागरीला चालतं, नाण्याला नाही. मी कॉलेजात असताना एका तांब्याच्या रोमन नाण्याला लिंबू आणि मीठ लावलं होतं, दहा मिनिटांत गुलाबी झालं, आणि काळ्या थरात जी अक्षरं होती ती थराबरोबर गेली. ते नाणं अजून माझ्या टेबलावर आहे, कुणाचं आहे ते आता कुणीच सांगू शकत नाही. साधं पाणी, मऊ ब्रश, तेवढंच.

चूकभूल : संकेश्वरच्या एका वाचकांनी मला धरलंय. दोन अंकांमागं मी एक हरभऱ्याएवढं नाणं व्हॅलेंटिनियन पहिल्याचं म्हणून छापलं होतं. व्हॅलेंटिनियनही तीन आहेत. दुसऱ्याच्या नाण्यावर कधी कधी नावापुढं तेच 'आय व्ही एन', धाकटा, असं असतं, यावर नव्हतं, म्हणून मी बापाच्या नावावर मोकळा झालो. पण मागच्या बाजूला बंदिवानाला ओढत नेणारी विजयदेवी आहे आणि 'राज्याचं क्षेम' अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि एवढ्या बारक्या नाण्यावर हा छाप सुरू झाला तेव्हा थोरल्याला जाऊन दहा वर्षं उलटली होती, ते ३७५ लाच, परकीय वकिलांवर ओरडता ओरडता झटका येऊन गेले. तेव्हा ते नाणं मुलाचं, व्हॅलेंटिनियन दुसऱ्याचं. छापा बघितला, काटा बघितलाच नाही. संकेश्वरकरांनी पत्रात खाली 'सर, तुम्हीच सांगितलं होतं' असंही लिहिलंय.